गरम गॅरेज

तिसऱ्यांदा विचारलं आणि वेंडेलने जीभ चावली.

पण शब्द तोंडातून सुटला होता. त्याच्या सासूबाई, आर्डिसबाई, आठवडाभर राहायला आल्या होत्या. "छे छे, माझी गाडी राहील की बाहेर," असं त्यांचं दोनदा म्हणून झालं होतं. अमेरिकेतल्या त्या थंडगार डुलुथमध्ये पहिला नकार रिवाजाचा, दुसराही रिवाजाचाच. ज्याला मनातून द्यायचं नसतं, तो शहाणा माणूस दोनवर थांबतो. वेंडेलही थांबणारच होता. पण तिसऱ्यांदा विचारायची पन्नास वर्षांची सवय आडवी आली मेली.

"एवढा आग्रह करताय तर लावते बाई आत," आर्डिसबाई म्हणाल्या आणि त्यांची जुनी हिरवी गाडी मागच्या गल्लीतून झोकात गॅरेजमध्ये शिरली. गरम गॅरेज एकच, आणि त्यात गाडीही मावायची एकच.

वेंडेलची व्हॅन पुढच्या रस्त्यावर राहिली. रेडिओवाला रात्री उणे तीस होणार म्हणून ओरडत होता. व्हॅनमध्ये वेंडेलचं गालिचे धुण्याचं मशीन होतं. टाकी, नळ्या, पंप, सगळं आतच बसवलेलं. पाणी कितीही काढून टाका, नळ्यांच्या वळणांत घोटभर उरतंच. ते गोठलं की फुगतं आणि पंप नारळासारखा तडकतो. गेल्या जानेवारीत तडकला होता. तेव्हा दीड महिना घरी बसून त्याने स्वतःचेच गालिचे न्याहाळले होते. यंदा पुन्हा तडकला, तर धंद्याला कायमचं टाळं.

"तिसऱ्यांदा कशाला विचारलंस?" मार्लिसने दबक्या आवाजात नवऱ्याला झापलं. ती नर्स होती, रात्रपाळीला निघाली होती.

"तोंडातून गेलं."

"मग आता त्याच तोंडाने जागा परत माग."

"तुझ्या आईकडून? एकदा दिलेली? त्यापेक्षा मी उघडाबंब तळ्यावर जाऊन बसतो!"

"बस जा. पण आधी ओव्हनमधली ती बटाटा-खिम्याची हॉटडिश काढ," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

जेवताना वेंडेलने आडून आडून सुरुवात केली.

"थंडी आज जरा जास्तच आहे, नाही?"

"हो ना," आर्डिसबाई म्हणाल्या. "बरं झालं, गाडी आत आहे."

"मशीनला थंडी बाधते हो. पंप फार नाजूक असतो."

"अरेरे!" आर्डिसबाई कळवळल्या आणि त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक डाव हॉटडिश वाढली. तो नको म्हणाला. दोनदा. मग मुकाट्याने खाल्ली.

जेवण होताच "जरा व्हॅनकडे बघून येतो," म्हणून जो गेला तो गेलाच. ओसरीतून वायर ओढून त्याने व्हॅनमध्ये हीटर लावला. हीटर जुना आणि आळशी. दर वीस मिनिटांनी बंद पडायचा आणि पाठीत धपाटा घातल्याशिवाय उठायचा नाही. म्हणजे जागचं हलायची सोय नाही. वेंडेलने नळ्यांना गोधड्या गुंडाळल्या. पंपाला लग्नातली रजई. तरी जीव राहीना, म्हणून स्वतःची लोकरीची टोपी काढून पंपाला घातली.

"दम धर रे बाळा," तो पंपाला म्हणाला. "तुझ्या जिवावर उठलीय ती म्हातारी! गाडी कसली, डबडं आहे डबडं. ते गोठलं काय नि न गोठलं काय, कुणाला कळणारसुद्धा नाही. पण नाही, तिला गॅरेज हवं! आणि घोरते किती, माहितेय तुला? मागच्या खेपेला भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं!"

पंप ऐकून घेत होता. वेंडेलला फार बरं वाटलं. मग सासूबाईंची कॉफी, सासूबाईंचे सल्ले, सासूबाईंचा चर्चमधला बेसूर ऑर्गन, सगळं सविस्तर निघालं.

सकाळी साडेसहाला त्याने मशीन सुरू केलं. पंप खोकला, गुरगुरला आणि नळीतून पाण्याची झकास धार आली. वेंडेलने आनंदाने पंपाची पापी घेतली. आखडलेली कंबर धरत तो बर्फ काढायचं फावडं आणायला मागच्या गॅरेजकडे गेला आणि दार उघडलं.

आत छान ऊब होती, दिवा चालू होता. फावडं होतं. गाडी नव्हती.

पलीकडे गल्लीत आर्डिसबाई कोट घालून त्यांच्या हिरव्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होत्या. गाडी हिरवी होती, हे आठवणीनेच म्हणायचं.

"आई! तुमची गाडी बाहेर कशी?"

"कालच काढली की. तुम्ही व्हॅनकडे गेलात ना, लगेच. पंपाचं ऐकल्यापासून घास उतरेना माझ्या घशाखाली. म्हटलं, जावयाला जागा करून द्यावी."

वेंडेलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापण्यांवरच गोठलं. केवढी माया! आणि केवढा हा गाढवपणा! रात्रभर गरम गॅरेज रिकामं, आणि तो हीटरला धपाटे घालत बसलेला.

"अहो, मग मला सांगायचं तरी!"

"आले होते हो सांगायला," आर्डिसबाई काच खरवडत शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्ही त्या पंपाला माझ्याबद्दल सांगत होतात. म्हटलं, आपल्याबद्दल कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही."