सुतकाची दाढी
आई गेल्यापासून कॅप्टन ओब्रादनी दाढी केली नव्हती. आम्हा सर्बांत पुरुष सुतक असंच चाळीस दिवस पाळतात. मी त्यांचा सहवैमानिक. उड्डाणाआधी त्यांच्यासमोर रेझर ठेवला. "दाढीवर ऑक्सिजनचा मास्क घट्ट बसत नाही, कॅप्टन." त्यांनी तो कचऱ्यात फेकला. "बाप गेला तेव्हा तू किती दिवस दाढी ठेवलीस?" मी चेकलिस्ट वाचायला घेतली. कोपाओनिकच्या डोंगरांवर कॉकपिटमध्ये जळक्या वायरींचा धूर भरला. दोघांनी मास्क चढवले. त्यांच्या मास्कच्या कडेने धूर शिरला आणि खोकून खोकून त्यांना काही दिसेना. "कंट्रोल सोडा," म्हणत मी विमान निशला उतरवलं. धावपट्टीशेजारच्या गवतात धापा टाकतानाही ते गुरगुरले, "किती दिवस, ते सांगितलं नाहीस." माझ्या गुळगुळीत गालावर मास्कचा वळ उमटला होता. तो चोळत म्हणालो, "एकही नाही. म्हणून तर टोमणे मारायला तुम्ही उरलात."