मिक्सरचा प्लग

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीत ना मोबाइलला रेंज यायची, ना वायफाय पोचायचं. घरून काम सुरू झाल्यापासून मी दुपारचा चहा तिथेच, वॉशिंग मशीनला टेकून घ्यायचे. काल नवऱ्याने हौसेने रेंज वाढवणारं यंत्र आणून मिक्सरच्या प्लगमध्ये खोचलं. “आता कपडे वाळत घालतानाही मीटिंग घे!” “आणि मिक्सर?” सासूबाईंनी विचारलं. “बघू,” तो म्हणाला. आज कप तोंडाला लावते तोच मॅनेजरचा मेसेज आला, “पाच मिनिटं जॉइन होतेस?” मी कप मशीनवर ठेवला. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, यंत्र उपटलं आणि तिथे मिक्सर लावला. “चटणी वाटायचीये. वेळ लागेल. तू चहा घे, गार होतोय.” मिक्सरचा आवाज जरा वेगळाच वाटला, म्हणून मी आत जाऊन झाकणातून वाकून पाहिलं. भांडं रिकामं होतं.