छत्तिसावं घर

पहिलं आलं ते गोल्फचं मैदानच. दुसरं मैदानाचं हॉटेल. तिसरा कुणी खादाड, त्या हॉटेलात काय काय हादडलं ते सांगणारा. प्यो गुरुजींनी पुन्हा 'जारागोल' असं लिहून शोधलं. पुन्हा गोल्फ. त्यांचं स्वतःचं संकेतस्थळ चौथ्या पानावर, अगदी तळाशी.

"गाव गेलं धरणात ते गेलंच, वर यांनी नावही खाल्लं!" गुरुजी करवादले.

दोन वर्षं खपले होते बिचारे. बुडालेल्या जारागोलची छत्तीस घरं, त्यांची छत्तीस पानं. अंगणात कुठलं झाड, विहिरीला पाणी कसं, कुणाचा कुत्रा कुणाला चावला, सगळं. दर एप्रिलात गाववाले धरणाच्या काठी जमत आणि पाण्याकडे तोंड करून वाडवडिलांना ताट वाढत. गेल्या साली अकराच जण आले. यंदा वीस झाले नाहीत तर पुढल्या वर्षापासून बंद, असं ठरलं होतं. माणसं देशभर पांगली होती, त्यांना गाव सापडायला हवं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुरुजींना दुसरा घोरच नव्हता.

वाचनालयात म्हाताऱ्यांना संगणक शिकवणाऱ्या योमबाईंनी ती पानं पाहिली आणि त्यांना हसू आवरेना. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'जारागोल', आणि खाली मजकुरात चाळीस-चाळीस वेळा 'जारागोल'.

"गुरुजी, छत्तीस जण एकाच दारातून घुसताहेत हो! एकमेकांनाच अडवताहेत. एका शब्दाला एका संकेतस्थळाची एक, फार तर दोन पानं वर दिसतात. ज्याला त्याला आपापलं दार द्या."

"म्हणजे करू काय?"

"त्या घरातलं माणूस आपलं घर कुठल्या नावानं शोधेल? ते नाव माथ्यावर घाला."

पटलं. पण गुरुजीच ते! जुन्या नोंदवहीतून त्यांनी प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव काढलं, आडनावासकट, जुन्या सरकारी कागदांत असायची त्या चिनी अक्षरांसकट, आणि एकेका पानाच्या माथ्यावर ठोकलं. आपल्या पानावर मात्र सगळा गाव म्हणायचा तसं 'गुरुजींचं घर' लिहिलं. मार्च संपत आला. एक पत्र आलं असेल तर शपथ.

एका सकाळी त्यांची बायको लसूण सोलत बसली होती. मुलीने दिलेल्या फोनवर ती एरवी हवामान तेवढं बघायची. त्या दिवशी फोन नाकाशी धरून नवऱ्याची पानं चाळत होती.

"अहो, हा ह्वांग ग्योंगसाम कोण?"

"कोण काय विचारतेस! वीस वर्षं शेजार होता आपला. भिंतीला भिंत!"

"अगंबाई, उलजिनकरणीचा नवरा होय? मग तसं लिहा की! बाप्यांची नावं कुणाला ठाऊक होती मेली?"

गुरुजींनी कपाळावर हात मारला. जारागोलात घर ओळखलं जायचं ते सुनेच्या माहेरावरून. उलजिनहून आली ती उलजिनकरीण, तिचं घर उलजिनकरणीचं, पोरं उलजिनकरणीची, बोरंसुद्धा उलजिनकरणीचीच. पुरुषाचं नाव लागायचं ते सरकारला. आणि आपण नोंदवहीतली हजेरी घेत बसलो!

दोन दिवसांत पस्तीस पानांची नावं बदलली. आठवडा सरायच्या आत उल्सानहून एका बसचालकाचं पत्र आलं. 'मी चोंगदोकरणीचा धाकटा. सहज आईचं नाव टाकलं आणि आमचं बोराचं झाडच समोर उभं राहिलं. बस डेपोत होती म्हणून बरं, नाहीतर रडत रडत कशी चालवली असती?' मग पत्रांची रीघ लागली. 'जारागोल' एवढंच टाकलं तर गोल्फ अजून वर होतं. पण उलजिनकरीण म्हणा, चोंगदोकरीण म्हणा, कुठूनही शिरा, गाव भेटत होतं.

एप्रिलात त्रेपन्न माणसं आली. "तू योंगदोककरणीची ना गं? नाक तेच आहे मेलं!" असा नुसता कालवा. पिकल्या केसांची माणसं गळ्यात गळे घालून रडत होती. गुरुजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बायको तांदळाच्या वड्या वाटत होती. जो तो येऊन तिचा हात धरत होता आणि म्हणत होता, "मास्तरीणबाई, ओळखलंत का?"

मास्तरीणबाई. मास्तरीणबाई. पाचव्या-सहाव्या हाकेला गुरुजींना ते एकदम टोचलं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "अगं, गावात तुला माहेरचं नाव कसं कुणी लावलं नाही?"

"लावलं होतं की. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं सगळ्यांना, हिला बोसोंगकरीण म्हणा म्हणून. आठ दिवस म्हणत होते. मग तुम्हाला शाळेत नोकरी लागली." ती खिडकीबाहेर बघत होती. "चांगलं वाटायचं हो कानाला."



दुसऱ्या दिवशी गुरुजींनी छत्तिसाव्या पानाचं नाव बदललं. बोसोंगकरणीचं घर.

"गुरुजी, हे नाव शोधणार कोण?" योमबाई म्हणाल्या. "ठाऊकच नाही कुणाला."

"नसू दे," गुरुजी म्हणाले.

योमबाईंचं खरं ठरलं. त्या पानावरून पत्र म्हणून आलं नाही. पानाखाली, किती जण येऊन गेले त्याचा आकडा असतो. तो मात्र रोज सकाळी एकाने वाढतो. लसूण सोलून झाला, हात पुसले, की लगेच.