गुडघ्यांचा दवाखाना

“कोणता गुडघा दुखतो, आजी?” डॉक्टर बिरादार बाईंनी विचारलं.

बसम्मानं जरा विचार केला. “उजवा,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. मग जमिनीवर चटई अंथरली, टोपलीतले चिंचोके ओतले आणि बसम्माच्या सहा वर्षांच्या नातवाला, मन्मथला, समोर बसवलं.

“याच्याबरोबर खेळा. खाली बसणं-उठणं झालं की गुडघा मोकळा होतो.”

शेजारी बसलेल्या सुनेनं, रत्नम्मानं, हळूच श्वास सोडला. खोटं पचलं होतं.

कारण लातूरचा हा दवाखाना गुडघ्यांचा नव्हताच. तो लहान पोरांच्या मनाचा होता. बाहेर तशी पाटी होती, पण बसम्माला वाचता येत नव्हतं. पाटीवरचं हसणारं अस्वल तेवढं तिनं नीट पाहिलं. “ह्याचे गुडघे तर ठीक दिसत्यात,” ती म्हणाली होती.

उदगीरला घरी मन्मथ दिवाळीपासून गप्प होता. त्याच्या दोस्ताच्या घरचे पाणीटंचाईपायी गाव सोडून पुण्याला गेले, तेव्हापासून. खेळायचा नाही, जेवायचा नाही, रोज सकाळी पोट दुखतं म्हणायचा. दुष्काळात असं पोर सगळ्यांना सोयीचं वाटलं. टँकरच्या रांगेत बाया म्हणायच्या, “लई गुणाचं हाय. काही मागतच न्हाई.” शाळेनं त्याला शिस्तीचं बक्षीस दिलं. कंपासपेटी. ती त्यानं उघडूनही पाहिली नाही.

मग एका संध्याकाळी त्यानं पाण्याचा पेला आईला परत दिला आणि विचारलं, “मी नसलो तर एक घागर कमी लागंल ना?”

बसम्मा तिथंच चुलीपुढं होती. त्या दिवशी एक भाकरी करपली.

रत्नम्मानं ओळखीच्या नर्सला विचारून डॉक्टरांचं नाव काढलं आणि सासऱ्यांपुढं विषय काढला. ईश्वरप्पांचं किराणा दुकान होतं, शिवाय उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणून उपोषणाला बसलेल्या कृती समितीत ते होते.

“येड्यांच्या डॉक्टरकडं?” ते म्हणाले. “उद्या मंडपात लोक काय म्हणतील? जिल्हा होऊ दे, मंग इथंच मोठा दवाखाना येतोय.”

“तवर?”

“तवर पोरगं सुधरंल.”

रत्नम्मानं सासूकडं पाहिलं. बसम्मा शेजारच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, “आपल्या घरात येडं कुणी न्हाई!”

विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसम्माचा गुडघा धरला. रत्नम्माला वाटलं, देव पावला.

“आत्याबाई, लातूरला गुडघ्याच्या लई चांगल्या डॉक्टर हायेत.”

“मंग चल. पोराला बी घे. घरी कोण बघंल त्याला?”

ईश्वरप्पांनी लगेच बसभाडं काढून दिलं. गुडघ्यात बदनामी नव्हती.

रत्नम्मानं डॉक्टरांना आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. सासऱ्यांना कळलं तर येणं बंद होईल, आणि सासूला कळलं तर सासऱ्यांना कळेल. डॉक्टर म्हणाल्या, “फसवाफसवी मला आवडत नाही. पण आजी खेळणार असतील, तर मी गुडघाही तपासते.”

दर मंगळवारी असं चाललं. लातूरला तेव्हा पाणीसुद्धा रेल्वेनं येत होतं, त्यामुळं गुडघा एसटीनं जातो याचं कुणाला नवल वाटलं नाही.

डॉक्टर मन्मथला चित्रं काढायला देत, त्याच्याशी बोलत बसत. रत्नम्माला बाजूला घेऊन सांगत, “गप्प पोर म्हणजे शहाणं पोर नव्हे. हा आजार आहे, आणि तो बरा होतो. त्याच्यासमोर पाण्याची चिंता बोलू नका. तू आम्हाला हवास, हे रोज सांगा. हट्ट केला तर खूश व्हा.”

बसम्माला निराळी औषधं होती. संध्याकाळी नातवाबरोबर लपाछपी. निजताना त्याचं डोकं मांडीवर घेऊन गोष्ट. त्यानं गुडघ्याला ऊब राहते. बसम्मा एकही दिवस चुकली नाही. ईश्वरप्पांसमोर बसून ती डाव्या गुडघ्याला तेल चोळायची. रत्नम्मा घाईनं तेलाची वाटी उजव्या बाजूला सरकवायची. पण ईश्वरप्पा निवेदन लिहीत असायचे, आणि सासूचं वय झालं होतं.

उन्हाळा तापला. एक दिवस टँकर आला आणि रांगेत मन्मथ ओरडला, “ए, माझी घागर पहिली!” वर एका पोराला ढकललंही.

“बिघडलं की गं तुझं पोरगं,” शेजारची तुळजाबाई म्हणाली.

रत्नम्मा पदरात तोंड लपवून रडली. बसम्मानं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. “आज गुडघा बरा हाय,” ती म्हणाली, आणि तुळजाबाईला बाजूला घेऊन आपल्या डॉक्टरची तारीफ करायला लागली.

पुढच्या मंगळवारी दवाखान्यात पाय ठेवताच रत्नम्मा गारठली. बाकावर त्यांच्याच गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. तुळजाबाई सगळ्यात पुढं. प्रत्येकीच्या शेजारी एकेक नातवंड, खाली मान घालून. आता बोभाटा होणार. संध्याकाळपर्यंत उपोषणाच्या मंडपात कळणार, आणि मन्मथचं औषध बंद.

बसम्मा शांतपणे बाकाच्या टोकाला जाऊन बसली. मन्मथ दारातून पाटीवरच्या अस्वलाला वाकुल्या दाखवत होता.

डॉक्टरांनी दार उघडलं. “या आजी. काय त्रास?”

“गुडघा,” तुळजाबाई म्हणाली.

“कोणता?”

तुळजाबाई गोंधळली. तिनं दोन्ही गुडघ्यांकडं पाहिलं, मग बाकाच्या टोकाला.

“अगं बसम्मा, कोणता सांगायचा म्हणाली होतीस?”