मामांची भेट

वाघ मारायला नागझिऱ्यात आलेल्या शूर साहेबाची बंदूक आणि चष्मा पहिल्याच नाल्यात वाहून गेले. वर वाट चुकली. तीन दिवस वाटाड्या बकारामनं त्याला मोहफुलं चारून जगवलं, वर आपली बोलीही शिकवली. रानात वाघाचं नाव घेत नाहीत, मामा म्हणतात, तेवढं सांगायचं राहिलं.

चौथ्या दिवशी बकाराम पुटपुटला, "साहेब, हलू नका. मामा येऊन राहिले."

बकारामचे नातेवाईक शोधायला आले असं वाटून साहेब हरखला. टोपी काढून, हात जोडून थेट पुढे गेला. "राम राम, मामा."

वाघानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि तो झुडपात परतला.

"बोलले नाहीत. रागावले काय?"



बकाराम म्हणाला, "नाही जी. जेवून आले असतीन."