दगडावरचा क्रूस

बाबांच्या थडग्याच्या दगडावर नाव कोरून झालं, तेव्हा पाथरवटानं विचारलं, “ताई, वर क्रूस कोरू का?”

धाकटा विलास मला बाजूला घेऊन म्हणाला, “क्रूस नको, अक्का. तुझी मास्तरकी जातीच्या दाखल्यावर हाय. दाखल्यावर आपुन हिंदू मातंग. ख्रिस्ती निघालो तर दाखला रद्द, नोकरी बी गेली. बाबा काहून दार लावून प्रार्थना करायचे मग?”

“माझ्यासाठी,” मी म्हणाले.

सेनगावच्या त्या खोलीत तीस वर्षं त्यांनी ‘आमेन’सुद्धा ओठांतल्या ओठांत म्हटलं होतं.

मी पाथरवटाकडे वळले. “क्रूस कोरा, रस्त्यावरून दिसेल एवढा. आणि खाली लेक म्हणून माझं नाव घाला. नावापुढे शिक्षिका लिहा.”