चित्राखालचा रकाना

बगळ्याच्या चित्राखालच्या रकान्यात तिनं ‘चित्र’ असं टाइप केलं आणि पुढचं पान उघडलं. तिथं खंड्या होता. त्याच्याखालीही ‘चित्र’. मग घार, मग घुबड. घुबड डोळे वटारून बघत होतं, पण तिनं त्यालाही सोडलं नाही.

ई-बुक तयार करणाऱ्यांच्या नशिबी हा रकाना असतोच. तो रिकामा राहिला तर तपासणीत लाल खूण येते आणि ऑनलाइन दुकान पुस्तक परत पाठवतं. चित्रात काय आहे ते तिथं दोन ओळींत लिहा, असा नियम होता. कशासाठी, तेही शिकताना कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. पण दोन ओळी लिहायला वेळ कुणाकडे होता? एक पुस्तक संपायच्या आत दुसरं उरावर येऊन बसायचं. कार्यालयात कुणीतरी केव्हातरी नुसतं ‘चित्र’ लिहून पाहिलं, लाल खूण गेली, आणि तीच वहिवाट पडली. तीही मग इतरांसारख्याच पाट्या टाकू लागली.

“ऐका रे जरा,” साहेब दारात येऊन म्हणाले. “सॉफ्टवेअरवाल्यांनी विचारलंय, काम सोपं करायला सॉफ्टवेअरला जोडायचं नवं प्लगइन कोणतं हवं? कल्पना आवडली तर ते बनवून सगळ्यांना देणार आहेत. प्रत्येकानं एक तरी सुचवा.”

“‘एक छोटासा बदल करा’ म्हटलं की परस्पर नाही म्हणणारं प्लगइन चालेल का?” मुखपृष्ठं करणारा म्हणाला. साहेब सोडून सगळे हसले. तिला हसायचंही त्राण नव्हतं. मानेचा काटा ढिला झाला होता, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. तिनं स्क्रीनवरची नजर न काढताच सांगून टाकलं.

“एक क्लिक केलं की पुस्तकातल्या सगळ्या चित्रांखाली आपोआप ‘चित्र’ लिहून यावं.”



“सुंठीवाचून खोकला गेला!” मुद्रितं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. हे इतकी वर्षं कुणाला सुचलं कसं नाही, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. साहेबांनी तिच्या नावानिशी सूचना पाठवली आणि निघायच्या आत उत्तरही आलं. कल्पना फार आवडली होती. काम लगेच सुरू होणार होतं. जगात जिथं जिथं ई-बुकं बनतात तिथं तिथं हे प्लगइन जाणार होतं. त्या कार्यालयात तिला आजवर कुणी ‘बरं केलंस’ एवढंही म्हटलं नव्हतं. आज सगळे मिळून आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत हे तिला कळत होतं, पण उतरावंसं काही वाटेना.

घरी आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. दिवा लावलेला नव्हता. आईला त्याची गरज नव्हती.

आईची दृष्टी गेली तेव्हा लेकीनं हात टेकले नव्हते. आई म्हणजे पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी बाई. तिनं आईच्या फोनवर पुस्तकं वाचून दाखवायची सोय करून दिली, आपल्या हातून तयार झालेली सगळी पुस्तकं त्यात भरली. सुरुवातीला आई दिवसभर ऐकायची आणि जेवताना सगळं तिला सांगत बसायची. मग एकाएकी आईनं इअरफोन गुंडाळून खणात ठेवून दिले. तेव्हापासून बोलणं कमी झालं, मग जेवण. “त्यांच्या कानांना काम द्या,” डॉक्टर म्हणाले होते, “नाहीतर माणूस आतल्या आत मिटत जातं.” ती विनवण्या करायची, चिडायची, हट्टी म्हणायची. आई एवढंच म्हणायची, “कंटाळा आला गं.” या वाक्याची तिला फार भीती वाटायची.

आज मात्र सांगण्यासारखं काहीतरी होतं. तिनं दिवा लावला, संत्रं सोलून एक फोड आईच्या हातावर ठेवली आणि कार्यालयातलं सगळं कौतुक सांगितलं. कितीतरी दिवसांनी आईच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“एवढं काय सुचवलंस गं?”

“चित्राखाली एक रकाना असतो, आई. दर वेळी हातानं भरत बसायचं म्हणजे बोटं मोडून जातात. आता एका क्लिकमध्ये सगळ्यांखाली ‘चित्र’ असं लिहून येईल.”

आई चावता चावता थांबली. “ते तुम्ही लिहिता होय?”

“मग कोण लिहिणार?”

“ते समुद्राचं पुस्तक होतं ना तुझं,” आई हळूहळू म्हणाली. “खोल पाण्यातले मासे स्वतःच उजेड पाडतात, असं ती फोनमधली बाई सांगायची. मी जीव कानात आणून बसायचे, आता तो मासा कसा दिसतो ते सांगेल. तर म्हणायची, ‘चित्र’. की लगेच पुढे. सगळ्या पुस्तकांत तेच. मग ऐकवेना मला. ठेवून दिलं.”

खोटं बोलायचं तिच्या मनात येऊन गेलं, पण जमलं नाही.

“आई, खरं तर तिथं... चित्रात काय आहे, ते लिहायचं असतं.”

आईनं तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

“लिहायचं असतं?” आई म्हणाली. “मला वाटलं, आम्हाला एवढंच सांगायची पद्धत आहे.”